७९ सर्व्हिस एरर

दुपारी साडेतीनच्या सुमाराला कार्यालयातला लेझर प्रिंटर मध्येच थांबतो. पडद्यावर ओळ उमटते: ‘७९ सर्व्हिस एरर’, खाली ‘बंद करून पुन्हा चालू करा’. कुणीतरी उठून बटण दाबतं. यंत्र घरघरतं, दिवे लागतात, मिनिटभरात ‘रेडी’ येतं आणि लगेच पुन्हा तोच एरर. टोनर काढून हलवून होतो, ट्रे ओढून होतो, वायर उपसून पुन्हा खोचून होते. शेवटी आयटीवाला येतो. तो प्रिंटरकडे बघतही नाही. थेट एका टेबलावरच्या कॉम्प्युटरवर जातो आणि रांगेत अडकलेली एक पीडीएफ उडवतो. प्रिंटर निमूट चालू लागतो.

एचपीचा लेझरजेट ज्यांनी रोज वापरला आहे त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल. बहुतेकांसाठी तो तिथेच मिटतो, आणि जिची पीडीएफ होती ती बाई दुसरीकडून प्रिंट मारून आणते. पण काही माणसांचं काम इथून सुरू होतं. एका फायलीने अख्खं यंत्र आडवं पाडलं, म्हणजे ती वाचताना यंत्राने करू नये ते काहीतरी केलं. काय केलं? आणि तेच त्याच्याकडून हवं तेव्हा, हव्या त्या पद्धतीने करून घेता येईल का? नेटवर्कवरच्या प्रिंटरांची सुरक्षा तपासणारे संशोधक या दोन प्रश्नांवर महिनोन् महिने घालवतात.

प्रिंटरला आपण अजून ‘मशीन’ म्हणतो, झेरॉक्सच्या मशीनसारखं. आवरण उघडलं की रोलरांच्या मागे एक सर्किट बोर्ड दिसतो. त्यावर मोबाइलमध्ये असते त्या घराण्यातली चिप, मेमरी आणि स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम असते. कुठे थ्रेडएक्स, कुठे लिनक्स, कॅननकडे त्यांची स्वतःची ड्रायओएस. २०१४ साली मायकेल जॉर्डन या ब्रिटनमधल्या संशोधकाने (बास्केटबॉलवाला वेगळा) कॅननच्या एका पिक्स्मा प्रिंटरवर ‘डूम’ हा जुना गोळीबाराचा खेळ चालवून दाखवला होता, प्रिंटरच्याच इवल्याशा पडद्यावर. रंग जरा बिघडले होते, पण खेळ चालत होता.

हा कॉम्प्युटर नेटवर्कवर बरीच दारं उघडी टाकून बसलेला असतो. ८० क्रमांकाच्या पोर्टवर त्याचं वेबपान, ५१५ आणि ६३१ वर छपाईच्या दोन पद्धती, १६१ वर देखरेख, शिवाय ‘मी इथे आहे’ असं शेजारच्या यंत्रांना सांगत राहणाऱ्या दोन-चार सेवा. सगळ्यांत भोळं पोर्ट ९१००. तिथे जे येईल ते छापायचं, कोण, कुठला हे विचारायचं नाही. नेटवर्कची पाहणी करायला जगभर ‘एनमॅप’ नावाचं साधन वापरतात. कुठल्या पोर्टवर कोणती सेवा चालते हे ओळखताना ते ९१०० ते ९१०७ ही पोर्टं आपणहून वगळतं. कारण तिथे ‘कोण आहे?’ असं विचारलं, तर काही प्रिंटर तो प्रश्नच कागदावर छापून बाहेर टाकतात.

मेमरीची चूक म्हणजे काय हे समजायला शेताचा बांध पुरेसा आहे. मेमरी म्हणजे एकसलग रान. प्रोग्रॅम कामापुरते त्याचे तुकडे पाडतो, अशा तुकड्याला बफर म्हणतात. या कामाला २५६ बाइट, त्या कामाला शेजारचे ६४. फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या पोटातलं सॉफ्टवेअर, बहुतांशी सी आणि सी++ या भाषांत लिहिलेलं असतं, आणि सी भाषा या तुकड्यांमध्ये बांध घालत नाही. मोजणी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ठेवायची. २५६ बाइटांच्या जागेत ३०० ओतले, तर उरलेले ४४ शेजाऱ्याच्या रानात जातात आणि कुणी हरकत घेत नाही.

शेजारी साधासुधा आकडा असेल तर फार तर छपाई बिघडेल. पण मेमरीच्या ‘स्टॅक’ नावाच्या भागात बफरच्या थोडं पुढे एक चिठ्ठी ठेवलेली असते: हातातलं काम उरकल्यावर परत कुठे जायचं त्याचा पत्ता. सांडलेल्या बाइटांखाली ती पुसली गेली की प्रोसेसर भलत्याच पत्त्यावर जाऊन धडकतो आणि यंत्र कोसळतं. बंद करा, चालू करा. पाठवणाऱ्याने मात्र बाइट मोजूनमापून रचले असतील, तर चिठ्ठीवर त्याला हवा तोच पत्ता लिहिला जातो आणि तिथे त्याच्याच सूचना मांडून ठेवलेल्या असतात. त्यापुढे प्रिंटर त्याचा.

युक्ती जुनी आहे. इंटरनेटवरच्या पहिल्या मोठ्या साथीत, नोव्हेंबर १९८८ च्या मॉरिस वर्ममध्ये, हीच वापरली होती. त्यानंतर कॉम्प्युटर आणि मोबाइलमध्ये पहारे बसले. चिठ्ठीच्या आधी राखणीचा एक गुप्त आकडा ठेवतात, तो बदललेला दिसला की काम तिथेच थांबवतात. मेमरीतले पत्ते दर वेळी बदलतात. माहिती ठेवायच्या जागेतून सूचना चालवायला मनाई असते. प्रिंटरांपर्यंत हे पहारे उशिरा पोचले, काहींपर्यंत पोचलेच नाहीत.

त्याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण फॅक्सचं आहे. चेक पॉइंट या इस्रायली कंपनीतले एयाल इत्किन आणि यानिव बाल्मास यांनी एचपीचा ऑफिसजेट प्रो ६८३० हा छपाई, स्कॅन आणि फॅक्स असं सगळं करणारा प्रिंटर तपासायला घेतला. पहिली गरज फर्मवेअरची. ते कंपनीच्याच साठ्यावर मिळालं. प्रिंटरवर ते चढवतात कसं, तर छापून: नवं फर्मवेअर हे प्रिंटरच्या दृष्टीने एक प्रिंटचंच काम असतं. (न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आंग कुई आणि साल्व्हातोर स्टोल्फो यांनी २०११ मध्ये याच सोयीवर बोट ठेवलं होतं. छापायला पाठवलेल्या कागदपत्रातच फर्मवेअर दडवलं, तर तेव्हाचे काही लेझरजेट ते बिनबोभाट चढवून घेत होते.) फर्मवेअर हाती आलं, पण त्याचा काही भाग अनोळखी पद्धतीने आवळलेला निघाला. त्या पद्धतीचं वर्णन शेवटी सापडलं ते जुन्या कॉम्प्युटर गेमच्या फायलींविषयीच्या माहितीत.

पुढची अडचण प्रिंटरच्या आत डोकावण्याची. कोड वाचता येतो, पण तो चालताना मेमरीत काय होतं हे दिसायला खिडकी लागते. दोघांनी ती आणखी एका त्रुटीतून मिळवली. २०१७ मध्ये उघड झालेली ‘डेव्हिल्स आयव्ही’ ही मेमरीचीच चूक या प्रिंटरमध्येही होती. तिच्यातून आत शिरायचं तर यंत्राला २ जीबीहून जास्त माहिती भरवावी लागे. म्हणजे नवी चूक तपासायला रोज आधी जुन्या चुकीच्या दारातून आत जायचं.

मग त्यांचं लक्ष रंगीत फॅक्सवर गेलं. काळापांढरा फॅक्स एका तऱ्हेने पाठवला जातो, रंगीत फॅक्स मात्र सरळ जेपीईजी चित्र म्हणून. जेपीईजी फायलीत एक तक्ता असतो. चित्र आवळताना वापरलेले संकेत त्यात लिहिलेले असतात आणि सुरुवातीला सोळा आकडे असतात: एका बिटाचे संकेत किती, दोन बिटांचे किती, असं सोळापर्यंत. प्रत्येक आकडा एका बाइटचा, म्हणजे ० ते २५५. प्रिंटरमधला कोड या सोळा आकड्यांची बेरीज करायचा आणि जी येईल तेवढे बाइट फायलीतून उचलून स्टॅकवरच्या २५६ बाइटांच्या जागेत ठेवायचा. बेरीज २५६ च्या आत आहे की नाही, हे मात्र बघायचा नाही. सरळ चित्रात ती आतच असते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाचं काही अडलं नाही. वाकड्या चित्रात सोळाही ठिकाणी २५५ लिहिले की बेरीज होते ४०८०. जागा २५६ ची. राखणीचा आकडाही नव्हता.

जेपीईजी वाचणारी तयार लायब्ररी फुकट मिळते. हजारो लोकांच्या नजरेखालून गेलेली, वर्षानुवर्षं दुरुस्त होत आलेली. इथे मात्र कोड घरचा होता. घरचं तेवढं चांगलं हा नियम लोणच्याला ठीक आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत दोघांनी प्रयोग मांडला. हल्ला करायला लागतो फक्त फॅक्सचा नंबर, आणि तो लोक स्वतःहून लेटरहेडवर छापतात. टेलिफोनच्या तारेतून चित्र आलं, प्रिंटर ताब्यात गेला, प्रिंटरने त्याच नेटवर्कवरचा एक कॉम्प्युटर शोधला आणि वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसमुळे कुप्रसिद्ध झालेल्या ‘इटर्नलब्लू’ या हत्याराने त्यात शिरकाव केला. इंटरनेटची वायर काढून टाकली असती तरी फरक पडला नसता. एचपीने दुरुस्ती त्याच महिन्याच्या आरंभी दिलेली होती. त्रुटी सापडली की आधी कंपनीला कळवायची, दुरुस्ती निघू द्यायची आणि मग जगाला सांगायचं, असा या व्यवसायातला रिवाज आहे.

कोडची ओळन् ओळ वाचत बसणं हा एक रस्ता. दुसरा रस्ता वरकरणी पोरखेळ वाटावा असा आहे: यंत्रावर कचरा ओतत राहायचा आणि कशाने ते पडतं ते बघायचं. त्याला फझिंग म्हणतात. १९८८ सालच्या एका वादळी रात्री अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या लाइनवर विद्यापीठाच्या कॉम्प्युटरवर काम करत होते. पावसाने लाइनमध्ये खरखर येई, टंकलेल्या मजकुरात भलती अक्षरं घुसत आणि त्या अक्षरांनी चांगले नावाजलेले प्रोग्रॅम कोसळत. मिलर यांनी विद्यार्थ्यांना मुद्दाम तसाच कचरा तयार करून प्रोग्रॅमांवर सोडायला सांगितलं. तपासलेल्या युनिक्स प्रोग्रॅमांपैकी पाव ते एकतृतीयांश पडले.

प्रिंटरवर फझिंग करायचं तर दुसरी कटकट उभी राहते. कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅमला सेकंदाला शेकडो नमुने चारता येतात, पडला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा उठवता येतो. प्रिंटर पडला की तो आधी स्वतःचे रोलर फिरवून बघणार, टोनर तपासणार, गरम होणार आणि मग उत्तर देणार. प्रत्येक पडण्यामागे मिनिट-दोन मिनिटं गेली. ९१०० वर कचरा ओतायचा असेल तर ट्रेमधला कागद आधी काढून ठेवावा, नाहीतर सकाळी रद्दीवाल्यालाच बोलवावं लागेल. म्हणून पुष्कळ जण फर्मवेअरमधला हवा तेवढाच भाग, उदाहरणार्थ फॉन्ट वाचणारा, बाहेर काढतात, प्रिंटरची चिप असल्याचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो चालवतात आणि कॉम्प्युटरवरच त्याला रात्रभर छळतात. सापडलेला नमुना मग खऱ्या यंत्रावर लावून पाहायचा.

ब्रिटनच्या एनसीसी ग्रुपमधल्या डॅनिएल रोमेरो आणि मारिओ रिव्हास यांनी खऱ्या यंत्रांवरच हा उद्योग केला. एचपी, रिको, झेरॉक्स, लेक्समार्क, क्योसेरा आणि ब्रदर अशा सहा कंपन्यांचे प्रिंटर त्यांनी तपासले. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या त्रुटींचा आकडा ३५ होता. सहाच्या सहा कंपन्यांची हजेरी लागली. कामासाठी त्यांनी स्वतःचा फझर लिहिला, त्याचं नाव ‘फझॉव्स्की’.

फॉन्ट हा शब्द वर येऊन गेला. तो मराठी वाचकाला जवळचा आहे. प्रिंटरमध्ये बसवलेले फॉन्ट बहुधा रोमन लिपीचे असतात. देवनागरीतला अर्ज छापायला गेला की अक्षरांचे आकार कामासोबतच धाडावे लागतात, एकतर चित्र म्हणून किंवा फॉन्ट म्हणून. आणि फॉन्ट म्हणजे नुसता साचा नसतो. पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेच्या घराण्यातल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर हा एक छोटा प्रोग्रॅम असतो: इथून रेघ ओढ, तिथे वळव, आता उचल. प्रिंटरला तो चालवावाच लागतो. अनोळखी माणसाने पाठवलेला प्रोग्रॅम चालवणं हे ज्या यंत्राचं रोजचं काम, त्याच्यात फट शोधायची तर हीच जागा.

फिनलंडच्या एफ-सिक्युअर कंपनीतले टिमो हिरव्होनेन आणि अलेक्झांडर बोल्शेव यांनी एचपीचा एम७२५झेड हा मोठा कार्यालयीन प्रिंटर घेतला आणि तिथेच खणलं. त्यांना दोन गोष्टी सापडल्या. एक, आतल्या बोर्डवरची काही टोकं उघडी होती. यंत्रासमोर उभा राहिलेला जाणकार माणूस पाचेक मिनिटांत तिथून आत जाऊ शकत होता. दोन, फॉन्ट वाचणाऱ्या कोडमध्ये बफर सांडत होता. ही दुसरी, सीव्हीई-२०२१-३९२३८ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी, फार वाईट होती. गंभीरतेचे १० पैकी ९.३ गुण, दीडशेहून जास्त मॉडेलांवर परिणाम, आणि एका प्रिंटरवरून दुसऱ्यावर आपोआप पसरू शकेल असं तिचं स्वरूप. चूक निदान २०१३ पासून तिथे बसलेली होती. कर्मचाऱ्याने एखादं वाकडं वेबपान नुसतं उघडलं, तरी त्याचा ब्राउझर आतल्या प्रिंटरच्या ९१०० पोर्टकडे ते काम ढकलू शकत होता. म्हणजे बाहेरच्यांसाठी फाटक बंद असूनही आतल्याच माणसाच्या हातून सामान पोचतं. एप्रिल २०२१ मध्ये त्यांनी कंपनीला कळवलं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुरुस्ती आली आणि ३० नोव्हेंबरला तपशील प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी गाजलेलं ‘प्रिंटनाइटमेअर’ प्रकरण निराळं. ते विंडोजमधल्या छपाईच्या रांगेचं होतं, प्रिंटरच्या पोटातलं नव्हे.

त्याच नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात, ‘पोन-टू-ओन’ या स्पर्धेत प्रिंटर पहिल्यांदाच टेबलावर आले. नियम साधा: नवं, अद्ययावत केलेलं यंत्र समोर ठेवतात, ते ताब्यात घेऊन दाखवा आणि बक्षीस न्या. एफ-सिक्युअरच्या चमूने एचपीच्या एका रंगीत लेझरजेटवर स्टॅकवरचा एकच ओव्हरफ्लो, म्हणजे सांडलेला बफर, वापरला आणि प्रिंटरकडून एसी/डीसी या रॉक बँडचं ‘थंडरस्ट्रक’ वाजवून घेतलं. बक्षीस २०,००० डॉलर. गाणं वाजवून प्रिंटर हॅक झाल्याचं सांगणं ही त्या मंडळींची चेष्टा असते. वाजवायला जमलं म्हणजे स्कॅन केलेली कागदपत्रं परस्पर बाहेर पाठवायलाही जमलं, हे परीक्षकांना सांगावं लागत नाही.

इतकं वाचून कुणी घाईने प्रिंटरचा प्लग उपटू नये. प्रत्यक्षात गाजलेल्या हल्ल्यांत मेमरीच्या चुकीची गरजसुद्धा पडलेली नाही. २०१७ मध्ये एका हॅकरने दीड लाखाच्या आसपास प्रिंटरांवर आपला संदेश छापल्याचा दावा केला, २०१८ मध्ये दुसऱ्याने सुमारे पन्नास हजार प्रिंटरांवर एका यूट्यूबरची जाहिरात छापली. दोघांनीही इंटरनेटवर उघडी पडलेली ९१०० सारखी पोर्टं शोधली आणि छापा म्हटलं. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने एका रशियन हेरगटाचं प्रकरण सांगितलं. कंपन्यांच्या नेटवर्कमध्ये पाय ठेवायला त्या गटाने ज्या वस्तू वापरल्या, त्यात कार्यालयातला प्रिंटर होता. अशा वस्तूंपैकी काहींचे कारखान्यातले पासवर्ड बदललेलेच नव्हते, एकावर दुरुस्ती चढवलेली नव्हती. दार उघडं असताना कुलूप फोडायला कोण बसेल? मेमरीची तपासणी करणारे लोक उद्याच्या चोराचं काम आज करून बघत असतात, कारण दारं लावली गेली की तो फटींकडेच वळणार.

फटी संपत नाहीत. मार्च २०२२ मध्ये एचपीच्या शेकडो मॉडेलांत पुन्हा बफर सांडला, या खेपेला नेटवर्कवर शेजाऱ्यांची नावं विचारणाऱ्या सेवेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅननने छोट्या कार्यालयांच्या प्रिंटरांतल्या सात त्रुटी एकदम जाहीर केल्या. सातही ओव्हरफ्लो, गुण ९.८. जून २०२५ मध्ये रॅपिड७ या कंपनीने ब्रदरविषयी सांगितलं तेव्हा आठ त्रुटींमध्ये एक स्टॅक ओव्हरफ्लो होताच, पण खरी दाणादाण वेगळ्याने उडवली. कारखान्यातून येणारा पासवर्ड यंत्राच्या अनुक्रमांकावरून तयार केलेला होता आणि अनुक्रमांक नेटवर्कवरून विचारता येत होता. ब्रदरची ६८९ मॉडेलं त्यात सापडली. ओव्हरफ्लोला पॅच, म्हणजे फर्मवेअरची दुरुस्ती, असतो. विकून झालेल्या यंत्राच्या पोटातला तो पासवर्ड फर्मवेअरने पुरता दुरुस्त होत नाही. ज्याचा प्रिंटर त्यानेच तो बदलायचा.

पॅच निघाला तरी तो चढवायचा कुणी, हा प्रश्न उरतो. मोबाइल रात्री चार्जिंगला लावला की स्वतःच अपडेट होतो. प्रिंटरची वार्षिक देखभाल करणारा माणूस येतो तो रोलर पुसायला आणि टोनर बदलायला. फर्मवेअर त्याच्या कामाच्या यादीत क्वचितच असतं. आपला प्रिंटर कुठल्या साली थांबला आहे हे पाहायला मात्र आयटीवाल्याची गरज नाही. बहुतेक लेझर प्रिंटरांच्या मेनूमध्ये ‘कॉन्फिगरेशन रिपोर्ट’ छापायची सोय असते. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत त्या पानावर ‘फर्मवेअर डेटकोड’ अशी एक ओळ येते आणि तिच्यापुढे आठ आकडे असतात. पहिले चार वर्षाचे.